भिवाजीअण्णांची बदकाची रजई

मंडळी, ऐका! साधू-महाराजांची सेवा मोठी, का घरच्या माणसाची? लगेच उत्तर देऊ नका — खोटं बोलाल! आधी भिवाजीअण्णा शेलारांचं ऐका.

अण्णा कसे? गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणार! गावात सप्ताह, आणि महाराज उतरणार अण्णांकडे. मार्गशीर्षातला गारठा — रजई हवी! दुकानदारानं तीन काढल्या. "ही कृत्रिम धाग्याची. ही पिसांची, देठ जरा टोचतात. आणि ही बदकाच्या पोटाखालच्या लवीची. अंगावर आहे का नाही, कळायचं नाही!"

"बदक?" अण्णांचा हात माळेवर!

"खायचंय थोडंच, अण्णा? पांघरायचंय!"

धाग्याची घ्यावी, तर गेल्या वर्षी सरपंचांनी तीच दिलेली. मग अण्णांचं नाक ते काय राहिलं? पिसांची टोचणार. घेतली लवीची! महाराजांना सांगितलं, "सावरीच्या कापसाची आहे."

महाराज पुरणपोळ्या चेपून दुपारी आडवे झाले. आम्हा कीर्तनकार महाराजांचं वैराग्य जेवणाआधीचं — जेवणानंतर नुसतं घोरणं! उठले, तर मिशीत पांढरं पीस!

"अण्णा, सावरीला पिसं कधीपासून फुटली?"

अण्णांनी कबूल केलं — महाराज थेट विहिरीवर आंघोळीला!

रजई अंगणात पडली. घरात नको, देवघराजवळ तर नकोच. अण्णा म्हणाले, "ओसरीवर तात्यांना द्या. त्यांना कुठं दिसतंय!"

तात्या म्हणजे अण्णांचे वडील. डोळे गेलेले, विरलेल्या घोंगडीत कुडकुडत पडलेले. आणि मंडळी, त्यांच्या गळ्यातली माळ अण्णांच्या जन्माआधीची!

म्हाताऱ्यानं रजई चाचपली. "कशाची रे?"

"सावरीची, तात्या."

"डोळे गेलेत माझे, कान नाही! बदकाचा सगळा तमाशा ऐकलाय मी." आणि म्हाताऱ्यानं काय करावं? रजई हनुवटीपर्यंत ओढली! "पण असू दे. पाप तुझ्या नावावर, ऊब माझी!"

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बसून त्यांनी बापाच्या पायांना हात लावला. पाय गारठून लाकूड झाले होते. सप्ताहात अण्णा ज्याच्या-त्याच्या पाया पडले होते, हे तेवढे राहिले होते.

हसलात ना? बरं, ज्यांनी महाराजांना गादी घातली, त्यांनी हात वर करा. अरे वा, केवढे हात! आता घरच्या म्हाताऱ्याचं अंथरूण या थंडीत कुणी हात लावून बघितलं?... कुणीच नाही? मृदंगवाले, तुम्ही तरी?

मग टाळ ठेवा खाली, आधी घरी जाऊन या. देव थांबेल हो. म्हातारं माणूस थांबेलच असं नाही.