लॉर्नाचे चौदा सिलिंडर

कोरिन : डॅड, ही कॉफी कोमट आहे.

वेंडेल : मला अशीच आवडते.

कोरिन : कधीपासून? आणि स्वयंपाकघरात चांगली शेगडी असताना मागच्या अंगणात ही कॅम्पिंगची कशाला?

वेंडेल : तुझ्या मॉमचे सिलिंडर संपवतोय. ती गेल्यावर गॅरेज आवरलं, तर चौदा निघाले. सगळे अर्धेमुर्धे भरलेले.

कोरिन : चौदा? ते एकदा वापरून फेकायचे, छोटे हिरवे?

वेंडेल : हळू बोल. शेजारच्या ग्लॅडिसच्या कानावर गेलं तर गावभर होईल.

कोरिन : म्हणजे मॉम सॅक्रामेंटोला विधिमंडळाच्या सुनावणीत उभी राहून सांगून आली, हे बंद करा, पुन्हा भरता येतील असेच विका. कायदा झाला. आणि घरात हा साठा?

वेंडेल : नऊ उन्हाळे आम्ही ते कॅम्पग्राउंड सांभाळलं. लोक गेले की ती चुलींच्या राखेतून हे वेचायची. एक फुटला, तिच्या कानाजवळून पत्रा गेला. ती मनापासूनच बोलली गं.

कोरिन : मग हे चौदा?

वेंडेल : आत गॅस किती उरलाय ते कळत नाही ना. कॅम्पिंगला निघताना म्हणायची, वाटेत संपला तर तुला सकाळची कॉफी कुठून देऊ? की घेतला नवा. जुना कचऱ्यात टाकायला जीव धजायचा नाही, तो फळीवर.

कोरिन : शनिवारी काउंटीच्या केंद्रावर असला धोक्याचा कचरा घेतात. मी नेते.

वेंडेल : तिथं सगळे लॉर्नाला ओळखतात.

कोरिन : माझे आहेत म्हणेन.

वेंडेल : तुझ्याकडे तंबूसुद्धा नाही.

कोरिन : घेईन एखादा.

वेंडेल : तेरा संपलेत. हा शेवटचा.

कोरिन : कॅम्पिंगची शेगडी वापरतोयस असं तू फोनवर म्हणालास, म्हणून मी हा सिलिंडर आणलाय, भरून मिळणारा. हार्डवेअरच्या दुकानात बदलून देतात.

वेंडेल : ठेव तिकडे.

कोरिन : डॅड, कॉफी कोमट का आहे?

वेंडेल : पाणी जरा तापलं की बंद करतो. नऊ दिवस पुरवलाय.

कोरिन : नऊ दिवस हे असलं पितोयस?

वेंडेल : माझ्या कॉफीसाठी तिनं आणलेला गॅस आहे, कोरिन. हा संपला की तिनं माझ्यासाठी आणून ठेवलेलं काही उरत नाही.

कोरिन : कोमट कॉफीसाठी नव्हता आणला तिनं.

वेंडेल : (कप खाली ठेवतो.)

कोरिन : चुकलं माझं. नको होतं बोलायला.

वेंडेल : नाही. बरोबर बोललीस. किटली भरून आण.

कोरिन : किती भरू?

वेंडेल : काठोकाठ.

(शेगडी पेटते. दोघं बराच वेळ किटलीकडे बघत राहतात.)

कोरिन : ज्योत बसायला लागली.

वेंडेल : बसू दे. पाणी उकळतंय.

कोरिन : गेली. नवा लावू?

वेंडेल : आधी ही पिऊ. मग लाव.