उजव्या खांद्यावरचं फूल

मी दचकते म्हणून तुम्ही हसता ना, त्या दचकण्याचं आमच्या सोसायटीने काय केलं ते ऐका.

ऐन गणेशोत्सवात आमच्या इंद्रलोक सोसायटीचा वॉचमन काम सोडून गेला. आता रोज पहाटे व्हॉल्व्ह उघडून पाणी कोण सोडणार, यावर गणपतीसमोरच भांडण जुंपलं. रत्नागिरीचे कांबळीकाका म्हणाले, "भांडताय कशाला? आमच्या गावासारखा कौल लावू." त्यांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल ठेवलं. ज्याच्या नावाला उजवं पडेल, त्याने पाणी सोडायचं. तीन-चार नावं झाली, फूल हललं नाही. मग माझं नाव घेतलं आणि नेमका माईक किंचाळला. मी दचकले, माझं कोपर टेबलाला लागलं आणि उजवं फूल खाली आलं.

"काका, माझा धक्का लागला."

"धक्का लावून घेणारा कोण? तोच. देवाने निवडलंय तुला, भाग्य लागतं."

मी उशिराची पाळी करून रात्री दोनला घरी येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोन-दोन रिकामे मुलगे असलेल्यांनीही भक्तिभावाने हात जोडले आणि काकांनी व्हॉल्व्हची चावी माझ्या हातात दिली.

माझं डोकंच फिरलं. मी ते फूल उचलून परत खांद्यावर ठेवायला गेले. "काका, आता हेही विचारून टाकू. जिना अडवून ठेवलेली तुमची स्कूटर आजच हलवायची का?" आणि टेबलाला कोपर टेकवून उभी राहिले.

काकांनी फूल माझ्या हातातून काढून घेतलं, चावी राहू दिली. म्हणाले, "असल्या गोष्टींत देवाला मध्ये आणायचं नसतं, बाळा."