टिळा लागला, तरी जवाई खुर्चीतच

"फॉरमॅट मारावंच लागते, आई. अडकून-अडकून चालते, मशीन खतम झाली."

"आधी मशीनले नीट तपासून तर पाहा, जवाईबापू."

आमचं केव्हाचं हेच चालू होतं. त्या कॉम्प्युटरमध्ये मी गावोगावच्या म्हाताऱ्यांना गायला लावून टाइप केलेली पोवारी बोलीतली लग्नाची गाणी होती. फॉरमॅट म्हणजे सगळी पुसली जाणार. त्यातल्या कितीतरी बाया आता नाहीत. पुन्हा कोण गाऊन दाखवणार?

त्या कॉम्प्युटरवर चालणारं लिनक्स मी माझ्या डोक्यानं शिकले आहे. म्हटलं, "तुम्ही ब्राउझर बंद केला, पण तो गेला नाही."

"बंद केला म्हणजे गेलाच ना. दिसून राहिला काय कुठं?"

मी कमांड देऊन दाखवलं. बंद केलेला ब्राउझर मागे मेमरी खात बसला होता. "याले नुसतं किल म्हटलं, तर आवरून उठते. नाही ऐकलं तर किल नऊ. बखोट धरून बाहेर."

नुसत्या किलनं तो हलला नाही. नऊ लावला, तशी मशीन पळायला लागली.

"तरी फॉरमॅट केलेलं बरं," म्हणत जवाईबापूंनी सीडी काढलीच.

आपल्या गावी, फुलचूरला परत निघालेल्या या माणसाला मी निरोपाचा टिळा कधीचाच लावला होता. पिशवीही खांद्याला होती, आणि हे खुर्चीतच.

मी म्हणाले, "जवाईबापू, टिळा लागूनही तुम्ही बसूनच राहिले, आता आपल्या मनानं उठता, का तुमालेही नऊ लावू?"