हुलग्यांवरून न गेलेली मोटारसायकल

जबाब
दि. ११/१२/२०२४

माझे नाव ज्ञानबा रेवणप्पा वाघमोडे, वय ४९ वर्षे, धंदा शेती व मेंढपाळी, शिक्षण सातवी, रा. बिरुदेववाडी, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर.

मला विचारण्यात आल्यावरून मी ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी मल्लव्वा हिच्यासह राहतो. वस्तीवरच्या बिरुदेवाच्या देवळात सकाळ-संध्याकाळ दिवा लावण्याचे काम माझ्याकडे आहे. माझ्या शेतात यंदा हुलगे होते. आमच्याकडे बैल राहिलेले नाहीत. त्यामुळे गेली काही वर्षे आम्ही वाळलेले हुलगे वेलासकट डांबरी रस्त्यावर पसरतो. जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, मग आम्ही वेल बाजूला काढून दाणे उफणतो. आमच्या भागात बरेच लोक असेच करतात.

रविवार, दि. ०८ रोजी सकाळी मी हुलगे पसरले. वाहने मोकळ्या बाजूने निघून जाऊ नयेत, हुलग्यांवरूनच जावीत, म्हणून मी रस्त्याच्या कडेला दगड मांडले. हे दगड मी स्वतः मांडले. दुपारपर्यंत टेम्पो, जीप, दुचाक्या हुलग्यांवरून गेल्या. कोणी थांबले नाही.

दुपार कलल्यावर मल्लव्वा रस्त्याच्या डाव्या कडेला बसून सुपाने दाणे पाखडत होती. मी वेल उलटे करत होतो. त्या वेळी सोलापूरच्या बाजूने एक मोटारसायकल आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होते व त्याची हनुवटीखालची पट्टी लावलेली होती. माझा चुलतभाऊ धनाजी शेजारी उभा होता. तो म्हणाला की हा कोण डोक्यावर हंडा घालून आलाय. गाडीचा वेग कमी होता. हुलगे दिसताच त्याने तो आणखी कमी केला, मी मेंढरांमागे चालतो तितका. मी त्याला हाताने खूण केली की ये, वरून ये. त्याने मान हलवली, हुलग्यांवर गाडी घातली नाही, आणि दगडांच्या पलीकडून मुरमावरून जाऊ लागला.

शेवटचा दगड वेलांखाली झाकला गेला होता. त्यावर पुढचे चाक चढून गाडी आडवी झाली आणि घसरत जाऊन मल्लव्वाच्या डाव्या पायावर आदळली. चालकाचे डोके दगडावर आपटले. हेल्मेटला कपाळापासून कानापर्यंत तडा गेला. डोक्याला काही झाले नाही. ते हेल्मेट मी या ठाण्यात पाहिले आहे.

चालक उठला तो पहिल्यांदा स्वतःच्या गाडीकडे गेला नाही. तो मल्लव्वाकडे आला आणि एक हात लोंबकळत असताना दुसरा हात कपाळाला लावून खाली बसला. आम्ही त्याचे हेल्मेट काढले, तेव्हा तो आपल्याकडचा नाही हे चेहऱ्यावरून कळले. गर्दी जमली. कोणी म्हणाले दारू प्यायला असेल. मी त्याला काखेत धरून उठवले आहे. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. त्याच्या पिशवीतली शेंगाचटणीची पुडी फुटली होती, वास तिचा येत होता.

धनाजीच्या टेम्पोतून आम्ही दोघांनाही दवाखान्यात नेले. मल्लव्वाच्या नडगीचे हाड मोडले आहे, चालकाचे खांद्याजवळचे. चालकाचे नाव तुआन, देश व्हिएतनाम. एका टॉवेल कारखान्यात यंत्रे बसवण्यासाठी तो वर्षभरापासून सोलापुरात आहे व भवानी पेठेत बनाबाई यांच्या घरी भाड्याने राहतो. थोडे मराठी तो त्यांच्याकडून शिकला आहे. गाडी चालवण्याचा परवाना त्याने मला आपणहून दाखवला.

टेम्पोत मी त्याला विचारले की चांगला रस्ता सोडून मुरमावर का गेलास. त्याने मोबाईलमधला एक फोटो काढून दाखवला. त्यात डांबरी रस्ता होता, त्यावर पिवळे भात पसरलेले, आणि एक म्हातारी लाकडी दाताळ्याने ते सारखे करत होती. तो म्हणाला, "आई. आमच्याकडं पण असं. खायचं हाय. वर चाक न्हाय."

नंतर त्याने मोबाईलवरून भाषांतर करून सांगितले ते असे की, त्यांच्या गावी भात वाळवण्यासाठी रस्त्यावर पसरतात, मळण्यासाठी नाही. दुचाकीवाले कडेने जातात. कोणी वरून गेला तर म्हाताऱ्या दाताळे घेऊन मागे लागतात. मी हाताने केलेली खूण त्याला 'बाजूने जा' अशी वाटली.

यावर मला सांगायचे आहे की, माझ्या लहानपणी आम्ही खळ्यात पायताण घालून जात नव्हतो. वडील खळ्याच्या मधल्या खांबाला हळद लावून मगच बैल धरत. रस्त्यावर त्याच धान्यावरून दिवसभर टायर गेलेले मी इतकी वर्षे पाहिले, आणि मनात काही आले नाही. तो एकटा कडेने गेला, आणि तोच पडला.

दवाखान्यातून पोलिसांना कळवले गेले. तुआनच्या कारखान्यातील एक साहेब आम्हाला भेटले. त्यांनी सांगितले की बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला तर त्याचा इथे राहण्याचा परवाना पुढे वाढणार नाही, त्याला परत जावे लागेल. त्याच संध्याकाळी धनाजीने मला बाजूला घेऊन सांगितले, "दगड तू मांडलंस हे कशाला सांगतोस? गाडी जोरात हुती म्हण. त्यो परदेशी माणूस, आज हाय उद्या न्हाय. तुला हितंच ऱ्हायचंय." मी त्याला सांगितले की मला हितंच राहायचे आहे आणि रोज देवळाचे दार उघडायचे आहे. धनाजी माझ्या भल्यासाठीच बोलला. आज मला ठाण्यात तोच दुचाकीवरून घेऊन आला आहे, आणि येताना आम्हा दोघांच्याही डोक्यावर हंडे होते.

सोमवारी मी व धनाजीने दगड उचलले, रस्ता झाडला आणि देवळामागचे जुने खळे चोपून सारवायला घेतले. मंगळवारी तुआन गळ्यात हात अडकवून एस.टी.ने वस्तीवर आला. मल्लव्वासाठी केळी आणली होती. तिने त्याला सांगितले की तुझ्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा मी बसून जेवतेय आणि हे वाढतायत. त्याला किती कळले माहीत नाही, पण तो हसला. नंतर तो खळ्याकडे आला. सारवण ओले होते. कोणी काही सांगितले नसताना त्याने काठाशी बूट काढून ठेवले.

हुलगे अजून खळ्याच्या कडेला रचून आहेत. ते मळल्याशिवाय खाता येत नाहीत, शेंग फुटावीच लागते, हे मी त्याला एक शेंग हातात चुरून दाखवले. त्याने ते दाणे तळहातावर घेऊन पाहिले व विचारले की हात बरा झाल्यावर माझी गाडी खळ्यात फिरवली तर चालेल का. मी उत्तर द्यायच्या आधी मल्लव्वा खळ्याशेजारच्या बाजेवरून म्हणाली, "चाकं धुऊन आण की बाळा. मग चालतंय."

तरी तुआनने गाडी जोरात अगर निष्काळजीपणे चालवली नाही. अपघात मी मांडलेल्या दगडामुळे झाला, त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. माझी व माझ्या पत्नीची त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्याची मोटारसायकल ठाण्याच्या आवारात उभी आहे, ती त्याला लवकर परत मिळावी. आमचे हुलगे तिच्यासाठी थांबले आहेत.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी हुलग्यांऐवजी तूर लिहिली गेली होती, ती माझ्यासमोर दुरुस्त केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.

(ज्ञानबा रेवणप्पा वाघमोडे)