गिल्बर्ट हिलवरचं गाऱ्हाणं

पंधरा जानेवारी, किंक्रांत. सकाळपासून मी पितळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसले होते. माझं माहेर देवगडकडचं, लग्न होऊन अंधेरीत आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यापासून खालच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. आमचे हे रिटायर झाले आणि म्हणाले, आता गावी राहू, घर आहे, कलमं आहेत. दिरांना विचारलं, जावयाला विचारलं, मला विचारलं नाही, सरळ दोन तिकिटं काढली.

काय सांगू तुम्हाला, भांडले असते, पण भांडायला लागलं की हे पेपर तोंडापुढे धरतात. मग मी म्हटलं, जाऊ, पण इतकी वर्षं राहून आपण अंधेरी बघितलीच नाही, ती एकदा दाखवा.

आधी महाकालीची लेणी बघितली. अंधाऱ्या गाभाऱ्यात गोल दगडी स्तूप, हात लावला तर गारगार. कोणी कोरला असेल, हे म्हणाले. मी म्हटलं, ज्याला उठून गावी जायचं नव्हतं त्याने. मग आंबोलीचं गावठाण. कौलं, लाकडी सज्जे, दारापुढे क्रूस आणि दोन्ही अंगांना टॉवर. एक म्हातारी सज्ज्यात सुके बोंबील निवडत होती. तिला विचारलं, बिल्डर येत नाही का हो? म्हणाली, येतो ना, पाणी पिऊन जातो. हे हसले. मी हसले नाही, लक्षात ठेवलं.

शेवटी गिल्बर्ट हिल. काळा कडा, शेव पाडून उभी केल्यासारखा. वर गावदेवी. आमच्या कोकणात गाव सोडताना देवीची ओटी भरून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मागणं मोठ्याने मांडायचं आणि उभ्या असलेल्यांनी प्रत्येक मागण्याला व्हय म्हाराजा म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की त्यावरून फिरायचं नाही. गाऱ्हाणं घालायचं पुरुषाने, पण पायऱ्या चढून यांना असा दम लागला की शब्द फुटेना. मी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

बा देवी गावदेवी, ही लेकरं तुझ्या पायाशी आलीत ती मान्य करून घे. व्हय म्हाराजा. मागे दोन-तीन मालवणी माणसं होती, त्यांनीही सूर धरला. ह्यांना कलमं राखायला चांगली प्रकृती दे. व्हय म्हाराजा. आता यांचाच आवाज मोठा, लहानपणापासूनची सवय. आणि ह्या बाईची चूल अंधेरीतच पेटती ठेव, तिला इथून कोणी उठवू नको. व्हय म्हाराजा, आणि मग यांचं तोंड उघडंच राहिलं.

अगो, ह्यां काय केलंस?

मी म्हटलं, मी मागितलं, व्हय तुम्ही म्हणालात.

मागचा एकजण म्हणाला, काका, आता फिरू नका, आम्ही साक्षीला आहोत.

उतरून रस्त्याला लागल्यावर यांनी विचारलं, आंब्याला तरी येशील ना? म्हटलं, आंब्याला येईन, पावसाला तुम्ही इकडे या. देवी त्यांना सुखात ठेवो, माणूस वाईट नाही. माझं तिकीट त्यांनीच रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीवरचा कागद फाडला, परात विसळली आणि कणीक भिजवली.