आईनं कॉम्प्युटरले ऊन दाखवलं

तो कॉम्प्युटर चालते का, हे मले आता कोनी विचारू नका. एकदाच सांगतो.

जुन्या काळचा प्रोसेसर आणून मी तो घरीच बनवला. दीड वर्ष नुसतं वायरी जोडण्यात गेलं. त्याचा सगळा प्रोग्राम एका चिपमध्ये. त्या चिपवर काचेची बारीक खिडकी असते, तिच्यातून बरेच दिवस ऊन लागलं की प्रोग्राम पुसल्या जाते. म्हणून मी खिडकीवर काळी पट्टी चिकटवली होती. कॉपी ठेवाले पायजे होती, हे तुमी सांगू नका.

मंग मी पंधरा दिवस ट्रेनिंगले अकोल्याले गेलो. वापस येऊन बटन दाबलं, तर स्क्रीन कोरी.

आईले विचारलं, "याले कोनी हात लावला होता का?"

"कोन लावते हात? गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्याईच्या बाजूले हेही मी रोज ठेवत होती. कोंदट वास येऊन राहिला होता त्याले."

"अन् ती काळी पट्टी?"

"काढली. खाली काच होती, आतपर्यंत ऊन लागाले नको का?"

मी ती चिप काढून तिच्यासमोर धरली. म्हटलं, "आई, उन्हानं ते सगळं विसरलं."

तिनं कुरडयांच्या डब्याचं झाकण लावलं अन् म्हणे, "अमरावतीच्या याच उन्हात माह्यी साठ वर्सं गेली. मले तर तुह्या बापाचा एकूण एक शब्द आठवते."