माझ्या शौर्यपत्राची खरी हकिकत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माननीय क्वेबाई, व्यासपीठावर विराजमान जिल्हा शिक्षण कार्यालयाचे साहेब, माजी सैनिक संघातले माझे जुने सोबती, आजचे सत्कारमूर्ती खिएम सर, त्यांच्या पत्नी लायवहिनी, कन्या उयेन, आणि विद्यार्थी मित्रहो,

माजी सैनिक संघाचा अध्यक्ष या नात्याने मला दहा मिनिटं दिली आहेत. बाहेर नूडल्सची पातेली उतरली आहेत, हे मलाही वासावरून कळतंय. तरी बसा.

खिएम सरांनी या शाळेत चौदा वर्षं इंग्रजी शिकवलं. त्याआधी ते बाजारात सायकलींची पंक्चरं काढत. त्याच्याही आधी चार वर्षं ते सुधारणा शिबिरात, म्हणजे कैदेत होते. आणि त्याच्या आधी ते अमेरिकन फौजेचे दुभाषी होते. सत्काराच्या भाषणात हा क्रम सहसा सांगत नाहीत. क्वेबाईंनी मला लिहून दिलेल्या कागदावरही तो चौदा वर्षांपासूनच सुरू होतो.

आता माझी गोष्ट. ती तुम्हाला पाठ आहे. दरवर्षी तीस एप्रिलला, विजयदिनी, याच माईकवरून मी ती सांगतो. सतरा वर्षांचा विन्ह पकडला जातो, अमेरिकन कॅप्टनच्या डोळ्याला डोळा भिडवून घोषणा देतो, कॅप्टन वरमतो आणि त्याला सोडून देतो. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी बघा, माझ्याबरोबर ओठ हलवते आहे. तर तेव्हा काय झालं ते आज सांगतो.

हेलिकॉप्टर देवळामागच्या शेतात उतरलं. सगळ्या गावाला अंगणात उकिडवं बसवलं. कॅप्टन उंच होता, उन्हाने सोलवटलेला होता, आणि साम्यवाद थांबवायला समुद्र ओलांडून आला होता. आमच्या गावात त्या दिवशी साम्यवाद म्हणजे मी आणि तापाने पडलेला माझा चुलतभाऊ. चुलतभाऊ घरात होता. म्हणून मला उभं केलं.

कॅप्टनने विचारलं, "हा कम्युनिस्ट आहे का?" शेजारी चोवीस वर्षांचे खिएम सर, इस्त्रीच्या कपड्यांत. मी मूठ वळून सुरुवात केली. मी गनिमी तुकडीचा सैनिक आहे, साम्राज्यवाद्यांनो चालते व्हा, वगैरे. पाच मिनिटं. राजकीय वर्गात जेवढं पाठ केलं होतं तेवढं सगळं. माझी आई बाजूला तोंडात डोक्याचं फडकं कोंबून बसली होती.

मी दम घ्यायला थांबलो. खिएम सरांनी कॅप्टनला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि चेहरा न हलवता मला म्हणाले, "तुझी चाळीस बदकं हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने मेली, म्हणून तू चिडलायस. तोंड पाड."

मी म्हणालो, "माझ्याकडे बदकं नाहीत."

"आता तर नाहीतच. मेली ना! रड, गाढवा."

मला रडू आलंच. भीतीने म्हणा, अपमानाने म्हणा. कॅप्टन भला माणूस होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पीच फळांचा एक डबा दिला. त्या दिवशी गावातल्या दुसऱ्या दोघांना हेलिकॉप्टरमधून नेलं. ते परत आले नाहीत. त्यांनी तर घोषणाही दिल्या नव्हत्या.

हसा, हसा. इथपर्यंत मलाही हसू येतं.

डबा मी जंगलात नेला. साथीदारांनी विचारलं, कसा सुटलास? मी म्हणालो, घोषणा दिल्या, घाबरले. गोष्ट पसरली. युद्ध संपलं तेव्हा मला शौर्यपत्र मिळालं आणि सरांना शिबिर. पुढच्या वर्षी गावसभेत प्रश्न आला, या दुभाष्याच्या बाजूने कुणाला काही सांगायचंय का? एका साक्षीवर माणसं घरी येत होती. माझे हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले. बोललो असतो तर शौर्यपत्रावर बदकं आली असती.

त्यानंतर सर आणखी तीन वर्षं आत होते.

शहाऐंशी साली उयेन परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेशासाठी लागणारा घराण्याच्या माहितीचा कागद शिक्क्यासाठी गाव कार्यालयात आला. तिथे सचिव मी. मी लिहिलं, "वडील शत्रूचे दुभाषी." हे खरंच होतं. खाली अजून एक ओळ लिहिली असती तर तीही खरी ठरली असती. जागा होती. मी शिक्का मारला. उयेन गेली एकोणीस वर्षं रेशमाच्या मागावर बसते.

सरांना हे सगळं ठाऊक आहे. तरी दरवर्षी तीस एप्रिलला ते पहिल्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवतात. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही कधी बोलला का नाहीत?" म्हणाले, "तेव्हा तुला वाचवलं ते परत मारायला का? घोषणांचा भाग मात्र दरवर्षी लांबतोय, तेवढं बघ."

राहू दे सर, बसा. हात हलवून मला थांबवू नका. माझ्या वतीने तुम्ही एकदा बोललात तेवढं पुरे झालं.

आज सकाळी मी शौर्यपत्र गाव कार्यालयात परत केलं आणि उयेनच्या कागदात राहिलेली ओळ लिहून दिली. तिथल्या कारकून मुलीने विचारलं, "काका, आता याचा काय उपयोग?" मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने कागद ठेवून घेतला.

क्वेबाई, आटोपतो. आपण मला बोलावलंत, मंडळींनी ऐकून घेतलं, स्वयंपाकघरातल्या भगिनींनी पातेली दोनदा गरम केली, सर्वांचा आभारी आहे.

भाषणाच्या शेवटी, काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणायची रीत आहे. मी ते शेकडो सभांत म्हटलंय. उयेन, तुझ्याकडे क्षमा इथे, भरल्या सभेत मागितली, तर तुला नाही म्हणता येणार नाही. म्हणून उद्या सकाळी तुझ्या दारात येतो, एकटा. तेव्हा खुशाल नाही म्हण.